वाट पाहणं कसं रंगवायचं?

(चित्रांवरची एक चर्चा. प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पांढरी जागा:

गेली दोन वर्षं मी एकच चित्र पुन्हा पुन्हा काढते आहे. बाक, भिंत, बंद दार, दाराखालून येणारी उजेडाची पट्टी. माणूस नाही. १४ कॅनव्हास झाले, त्यातले ४ ठेवले, बाकीचे खरवडून टाकले. भावना चित्रात कशी उतरते याबद्दल माझ्या ज्या ठाम समजुती होत्या, त्या या १४ चित्रांनी मोडल्या. ते सविस्तर लिहायचं आहे, आणि तुम्ही मंडळी कसं करता तेही ऐकायचं आहे.

आई १९ दिवस अतिदक्षता विभागात होती. आत दिवसातून दोनदाच सोडायचे, तेही पाच-दहा मिनिटं. उरलेला वेळ बाहेरच्या बाकावर. आई बरी होऊन घरी आली, आज ठणठणीत आहे. म्हणजे रडण्याचं कारण उरलं नाही. पण तो बाक माझ्या अंगातून जाईना. रात्री झोपेतून उठून बसायचे आणि आपण कशाची तरी वाट पाहतोय असं वाटायचं. मग ठरवलं, हे रंगवायचं.

पहिलं चित्र तीन दिवसांत झालं. बाकावर वाकून बसलेली बाई, डोकं हातात, सगळीकडे निळा आणि राखाडी. बघणारे म्हणाले, "किती दुःख आहे यात!" मला बरं वाटलं. मग दादाने पाहिलं. तो त्या १९ दिवसांत बरोबर होता. तो म्हणाला, "तू अशी कधी बसलीस? तू तर ताठ बसायचीस. पाठसुद्धा टेकायची नाहीस."

खरंच होतं. पाठ टेकली की डोळा लागायचा, आणि डोळा लागला तर आतून हाक आलेली कळायची नाही, ही भीती होती. माझ्या चित्रातली वाकलेली बाई मी नव्हते. 'दुःखी बाई' म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांसमोर जी येते, ती मी काढली होती. तिची पाठ, तिचे हात, तिचा निळा रंग, सगळं आधीच तयार होतं. माझ्या अनुभवातलं त्यात काहीच नव्हतं, आणि तरी लोकांना ते पटत होतं. याची मला फार भीती वाटली.

त्यानंतर मी कुंचला बाजूला ठेवला आणि वही घेतली. भावनेचं नाव लिहायचं नाही, एवढा एकच नियम. दुःख, चिंता, एकटेपणा हे शब्द बंद. फक्त शरीरात काय होत होतं, डोळे कुठे होते, हात काय करत होते, ते लिहायचं. तीन आठवडे लिहीत होते. त्यातून आलेल्या काही ओळी अशा:

बाकाची कड मांडीखाली टोचायची, तरी जागा बदलली नाही.
भिंतीचा रंग पिवळट हिरवा. एके ठिकाणी पाठी घासून घासून तो चकचकीत झालेला.
दाराखाली उजेडाची पट्टी. आत कोणी चाललं की ती तुटायची. तुटली की श्वास थांबायचा. जुळली की सुटायचा.

ही तिसरी ओळ लिहिली तेव्हा चित्र सापडलं. पट्टी आणि बाक. माझं सगळं वाट पाहणं त्या दोघांमधल्या अंतरात होतं. मग त्या अंतरावरच मी महिनेच्या महिने काम केलं. लहान कॅनव्हासवर पट्टी आणि बाक इतके जवळ आले की ते नुसतं खोलीचं चित्र वाटलं. मोठा, ९० बाय १२० सेंटिमीटरचा घेतला, तर मधली जागा पोकळ झाली, डोळा तिथून घसरून बाहेर जायचा. बाक डावीकडे खाली ढकलला, त्याची एक बाजू चौकटीबाहेर कापली, तेव्हा कुठे ती जागा ओढ धरू लागली. दोन बोटं इकडे-तिकडे झाली तरी ओढ सुटायची. मी आजवर रंगात भावना शोधत होते. ती अवकाशात, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत होती.

रंगवण्याची पद्धतही त्यातून ठरली. भिंत पातळ थरांची: यलो ऑकर (मातकट पिवळा), थोडा व्हिरिडियन (गर्द हिरवा), पांढरा. लावायचा, फडक्याने पुसायचा, वाळू द्यायचा, सुरीने खरवडायचा, पुन्हा लावायचा. सात-आठ थर. वाट पाहण्यात वेळ असाच साचतो, काही न घडता. आणि पट्टी मात्र एकदाच, जाड रंगात, पॅलेट नाइफने, एका हातात. दुरुस्ती नाही. चुकली तर सगळा कॅनव्हास गेला. १० कॅनव्हास असेच गेले. त्या एका फटक्याच्या आधी माझाही श्वास थांबतो, आणि मला वाटतं ते पट्टीत दिसतं.

तर माझं म्हणणं असं: भावनेच्या भरात भावना रंगवता येत नाही, निदान मला येत नाही. भरात हात जे काढतो ते बहुतेक वेळा उसनं असतं. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक, त्याची बहीण सोफी १८७७ साली क्षयाने गेली, तेव्हा तो १३ वर्षांचा होता. तिच्या आजारपणाचं पहिलं चित्र त्याने १८८५-८६ मध्ये केलं आणि पुढची सुमारे ४० वर्षं तोच विषय पुन्हा पुन्हा, एकूण सहा वेळा रंगवला. पहिल्या चित्राचा पृष्ठभाग ओरखड्यांनी भरलेला आहे, इतक्या वेळा त्याने तो खरवडला आणि पुन्हा रंगवला. ते ओरखडे मला त्या मुलीच्या चेहऱ्यापेक्षा जास्त सांगतात.

तुमचं काय? तुम्ही कधी रंगवता, आणि कुठून सुरुवात करता?

जाडरंग:

पट्टीचा भाग वाचून उठून बसलो. पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही.

मी अ‍ॅक्रिलिकमध्ये मोठी चित्रं करतो, जमिनीवर कॅनव्हास पसरून. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. भावना गार झाली की तिची गोष्ट होते. मग आपण ती गोष्ट नीटनेटकी करतो, आपल्याला शोभेल अशी करतो. जे अंगात आहे ते अंगात असतानाच खांद्यातून, कमरेतून बाहेर पडलं पाहिजे. लहान कुंचल्याने फक्त मनगट बोलतं. हातभर रुंद ब्रश घेतला की सगळं शरीर बोलतं, आणि शरीराला खोटं बोलायला वेळ लागतो. अ‍ॅक्रिलिक लगेच वाळतं, त्यामुळे मागे जाऊन गोंजारत बसता येत नाही. मी ते माध्यम त्यासाठीच निवडलं.

आणि उदाहरणच हवं तर पिकासोचं गेर्निका हे चित्र घ्या. स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले २६ एप्रिल १९३७ ला. पिकासोने पहिली रेखाटनं केली १ मे रोजी. जूनच्या सुरुवातीला पावणेआठ मीटर रुंदीचं चित्र पूर्ण. तो मुंकसारखा आठ वर्षं थांबला असता तर ते चित्र झालं असतं का?

पांढरी जागा:

जाडरंग, नसतं झालं, हे मान्य. पण त्या पाच-सहा आठवड्यांत काय झालं तेही पाहायला हवं. चाळीसहून जास्त रेखाटनं आहेत. शिवाय डोरा मार या छायाचित्रकार बाईने काम चालू असताना टप्प्याटप्प्याने फोटो काढून ठेवले, म्हणून आपल्याला बदल दिसतात. आधीच्या टप्प्यात एक उंचावलेली मूठ होती, ती त्याने काढून टाकली. घोड्याचं डोकं आधी खाली होतं, नंतर वर आलं. मूठ ही पहिल्या संतापातून आलेली खूण होती असं मला वाटतं, माझ्या वाकलेल्या बाईसारखी. कोणालाही सुचेल अशी. ती गेली आणि घोड्याची किंचाळी आली. शिवाय रक्तपाताचं चित्र, आणि त्यात लाल नाही. काळा, पांढरा, राखाडी.

म्हणजे ऊब होतीच, पण निवडही होती. तुमच्याकडे ही निवड कुठे होते? तुम्ही एका बैठकीत केलेली सगळी चित्रं ठेवता का?

जाडरंग:

नाही ठेवत. प्रामाणिकपणे सांगतो, दहातलं एक राहतं. बाकीची काही दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवतो, मग एके दिवशी उलटी करून बघतो. ज्यात मी स्वतःला जोरकस दाखवतोय असं दिसतं ते जातं.

तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. निवड माझ्याकडेही आहे, फक्त ती रंगवून झाल्यावर होते. तुम्ही आधी गाळता, मी नंतर गाळतो. पण माझा एक मुद्दा मी सोडणार नाही: वहीत न येणाऱ्या गोष्टी असतात. मागच्या वर्षी एका जवळच्या माणसाशी संबंध तुटले. मी रागाने काळा रंग ओढत होतो आणि मध्येच माझा हात मंद झाला. का ते मला माहीत नव्हतं. त्या मंद झालेल्या तीन-चार फटकाऱ्यांत जे आहे ते मी वहीत कधीच लिहिलं नसतं, कारण मला ते ठाऊकच नव्हतं. ते चित्र अजून माझ्याकडे आहे.

रसविचार:

मी चित्रकार नाही, संस्कृतचा विद्यार्थी. पण ही चर्चा वाचताना नाट्यशास्त्राचा, म्हणजे भरतमुनींच्या नाट्यावरच्या प्राचीन ग्रंथाचा, सहावा-सातवा अध्याय सतत आठवत होता, म्हणून लिहितो.

भरताने भावांची संख्या ४९ सांगितली आहे. ८ स्थायी (टिकून राहणारे), ३३ व्यभिचारी (येणारे-जाणारे), ८ सात्त्विक. आपण चित्राकडून नेहमी स्थायी भावाची अपेक्षा करतो: शोक, क्रोध, भय. पांढरी जागा यांचं पहिलं चित्र शोकाचं होतं आणि म्हणून फसलं, कारण बाकावर शोक नव्हताच. त्या ३३ व्यभिचारी भावांत शंका आहे, चिंता आहे, औत्सुक्य आहे. वाट पाहणं हे या येणाऱ्या-जाणाऱ्या भावांचं मिश्रण आहे, दर मिनिटाला प्रमाण बदलणारं. पट्टी तुटली की शंका, जुळली की औत्सुक्य. एकच चेहरा काढून ते धरता येणार नाही, हे साहजिकच.

आणखी एक. सात्त्विक भाव म्हणजे मनाच्या अवस्थेने शरीरात आपोआप उमटणाऱ्या गोष्टी. घाम, रोमांच, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं, अश्रू वगैरे. त्यात पहिलाच आहे स्तंभ, म्हणजे ताठरून जाणं. तुमच्या दादांनी जे पाहिलं ते अश्रू नव्हते, स्तंभ होता. ही वाक्यं लिहिताना माझ्या अंगावर काटा आला.

रंगांचंही सांगतो. भरताने प्रत्येक रसाला रंग दिला आहे. रौद्राचा लाल, भयानकाचा काळा, अद्भुताचा पिवळा. करुणाचा रंग निळा नाही. तो आहे कपोत, म्हणजे पारव्याच्या पाठीचा राखाडी. निळा बीभत्साला दिला आहे. म्हणजे 'दुःख म्हणजे निळा' हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही.

पांढरी जागा:

रसविचार, तुमचा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावला आहे. 'स्तंभ' हा शब्द मला दोन वर्षांपूर्वी मिळायला हवा होता.

पारव्याच्या राखाडीवरून एक सांगते, कारण रंगांबद्दल मी मूळ लेखात फार कमी लिहिलं. माझ्या चारही चित्रांत निळी ट्यूब उघडलेलीच नाही, पण बघणाऱ्यांना बाकाखालची सावली निळसर दिसते. ती साधी राखाडी आहे. शेजारी पट्टीचा उबदार पांढरा आणि भिंतीतला ऑकर आहे, म्हणून डोळा तिला थंड करून पाहतो. हे शास्त्र जुनं आहे. शेवरल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ विणकामाच्या कारखान्यात रंगाई सांभाळायचा. तिथला काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, आणि शोध घेताना त्याला कळलं की दोष रंगात नाही, शेजारच्या रंगात आहे. १८३९ साली त्याने त्यावर सविस्तर लिहिलं. तेव्हापासून चित्रकार ते वापरत आले आहेत.

मला यातून एवढं समजलं की एकट्या रंगाला भावना नसते. व्हॅन गॉगने रात्रीच्या कॅफेचं चित्र १८८८ मध्ये केलं आणि भावाला, थिओला, कळवलं की माणसाच्या भयानक वासना त्याने लाल आणि हिरव्यातून दाखवायचा प्रयत्न केला आहे. लाल आणि हिरवा. एक नाही, दोन. ते एकमेकांना स्वस्थ बसू देत नाहीत, आणि अस्वस्थता त्या भांडणात आहे. तीच लाल भिंत तपकिरीशेजारी ठेवली तर खोली ऊबदार आणि निवांत वाटेल.

शिकाऊ रेघ:

नमस्कार. मी वर्षभरापूर्वी चित्रं काढायला लागले. माझ्याकडे पेन्सिली आणि जलरंगाची एक छोटी पेटी आहे. इथे सगळे इतक्या मोठ्या अनुभवांबद्दल बोलताहेत की लिहावं की नको असं झालं.

माझ्याकडे तसं काही नाही. मैत्रिणीशी भांडण झालं आहे, दोन महिने आम्ही बोललो नाही, एवढंच. मला ते चित्रात काढायचं आहे. काय काढलं तर दोन तोंडं फिरवून बसलेल्या मुली, मध्ये तडा गेलेलं हृदय, हेच सुचतं. आणि तेच वाकलेल्या बाईसारखं आहे हे आता कळलं. मग दुसरं काय काढू? कुठून सुरुवात करू? आणि इतक्या छोट्या गोष्टीवर चित्र होतं का?

ओला कागद:

शिकाऊ रेघ, होतं. दोन महिने मनातून न जाणारी गोष्ट छोटी नसते.

मी जलरंगात काम करतो, म्हणून तुमच्या पेटीपुरतं बोलतो. जलरंगात भावनेचा सगळा खेळ कागद किती ओला आहे यावर आहे. चिंब ओल्या कागदावर रंग टेकवला की कड विरघळते, तुमच्या हातात काही राहत नाही. पाण्याची चमक नुकतीच गेलेली असताना लावला तर कड मऊ राहते पण आकार टिकतो. कोरड्यावर लावला तर कड सुरीसारखी. हे तीन कागद म्हणजे तीन मनःस्थिती आहेत. जे माणूस आठवायचं नाही पण आठवतंच, त्याला मी ओल्यात सोडतो. जे वाक्य कानात रुतलंय, ते कोरड्यावर.

एक सराव सांगतो, मी स्वतः अजून करतो. घरातली एक साधी वस्तू घ्या. चप्पल, किल्ली, काहीही. ती चार वेळा काढायची, चार वेगळ्या मनःस्थितींत. वस्तू बदलायची नाही, कोन बदलायचा नाही, चेहरे किंवा अश्रू असलं काही घालायचं नाही. फक्त कड, गडद-फिकट, कागदावरची जागा आणि हाताचा वेग बदलायचा. रंग आधी एकच घ्या, सेपिया (गडद तपकिरी) किंवा पेन्स ग्रे (निळसर राखाडी). गडद-फिकट जमल्याशिवाय दुसरा रंग उघडू नका, कारण रंग आला की आपण पुन्हा 'दुःख म्हणजे निळा' करायला लागतो.

आणि वाळल्यावर जलरंग फिका पडतो, हे लक्षात ठेवा. ओला असताना बरोबर वाटलेला काळोख सकाळी धुकं झालेला असतो. सुरुवातीला मी खूप हळहळायचो. आता मुद्दाम जास्त गडद लावतो.

खडू फळा:

मी लहान मुलांना चित्रकला शिकवते, २२ वर्षं झाली. एक निरीक्षण.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला "राग काढ" म्हटलं तर ते रागावलेला चेहरा काढतच असं नाही. ते खडू दाबतं. कागद फाटेपर्यंत दाबतं. कधी खडू मोडतो. कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर रेघा हाताला लागतात. नऊ-दहा वर्षांचं झालं की तेच मूल तिरक्या भुवया आणि दात काढतं, तेही अगदी हलक्या, स्वच्छ रेषेत. रेषेतला राग गेला, चेहऱ्यावर आला. शाळेत आम्हीच त्यांना हे शिकवतो, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून मोठ्यांच्या वर्गात मी एक गोष्ट करून घेते. सहा कागद, सहा शब्द: राग, शांतता, मत्सर, उतावीळपणा, थकवा, आनंद. फक्त रेघा. ओळखीचा आकार आला की तो कागद बाद. मग शब्द झाकून कागद दुसऱ्यांपुढे ठेवायचे आणि ओळखायला सांगायचे. राग, शांतता, उतावीळपणा बहुतेकांना ओळखता येतात. मत्सर जवळजवळ कोणालाच नाही. मत्सराला रेघेचा वेग नाही, त्याला दुसरा कोणीतरी लागतो. म्हणजे दोन आकार लागतात, त्यांच्यातलं नातं लागतं. पांढरी जागा यांनी पट्टी आणि बाक यांबद्दल लिहिलं तेव्हा मला हेच आठवलं. काही भावना एका रेघेत मावतात, काहींना अंतर लागतं.

शिकाऊ रेघ, तुमचं भांडण दुसऱ्या जातीचं आहे असं वाटतं.

तिरकी सावली:

उशिरा आलो, पण चित्रकार तैयब मेहतांचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

१९४७ च्या दंगलीत त्यांनी मुंबईत घराच्या खिडकीतून एका माणसाला जमावाकडून मारलं जाताना पाहिलं. हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पण ते दृश्य त्यांनी जसंच्या तसं कधी रंगवलं नाही. पुढची कित्येक वर्षं ते कोसळणारी माणसं रंगवत राहिले, पाय बांधलेला बैल रंगवत राहिले. १९६९ मध्ये काम अडलं होतं, आणि वैतागून त्यांनी कॅनव्हासवर एक तिरकी रेघ मारली. चित्र दोन तुकड्यांत फाटलं. तीच रेघ पुढे त्यांच्या चित्रांची ओळख झाली.

जाडरंग आणि पांढरी जागा, दोघांचंही या एका माणसात आहे. रेघ आली तडकाफडकी. ती रेघ कशासाठी आहे हे हाताला कळायला मात्र २२ वर्षं गेली. आणि त्यांचे रंग बघा: सपाट, स्वच्छ, एकसारखे. कुठे ओघळ नाही, फटकारा नाही. इतका हिंसक विषय आणि इतका शांत पृष्ठभाग. मला त्या शांततेचीच भीती वाटते. किंचाळणारं चित्र असतं तर मी एकदा बघून पुढे गेलो असतो.

रस्त्यावरचा प्रेक्षक:

मी चित्रं फक्त बघतो. एक शंका आहे. तुम्ही सगळे इतक्या काटेकोरपणे भावना आत घालता, पण बघणाऱ्याला भलतंच दिसलं तर? पांढरी जागा, ती पट्टी मला पहाटेसारखी वाटू शकते. मग तुमचं चित्र फसलं का?

पांढरी जागा:

अगदी हेच घडलं आहे. चारपैकी दोन चित्रं एका समूह प्रदर्शनात होती. एक गृहस्थ बराच वेळ उभे राहून म्हणाले, "फार आशादायक आहे, उजाडतंय." मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत मन खट्टू होतं.

दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. चित्राला नाव नव्हतं, शेजारी काही लिहिलेलं नव्हतं. त्या बघत राहिल्या आणि मला विचारलं, "आत कोण आहे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत कोणीतरी आहे हे त्यांना कुठून कळलं? दारावर पाटी नाही, बाकावर माणूस नाही. फक्त अंतर आहे.

नंतर त्या उजाडतंय म्हणणाऱ्या गृहस्थांचा पुन्हा विचार केला. तेही पट्टीकडेच बघत होते, तेही काहीतरी येण्याची वाट पाहत होते. त्यांचं येणारं चांगलं होतं, एवढाच फरक. माझी आई घरी आली, म्हणजे तसं पाहिलं तर बरोबर तेच होते. आता मी चित्रांना नाव देत नाही. नाव दिलं की लोक नाव वाचतात आणि चित्रात ते शोधून पुढे जातात.

ठसा:

मी छापचित्रं करते, लाकूड कोरते. पट्टी एकदाच मारण्याचा ताण मला ओळखीचा आहे. कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही.

केथे कोलवित्झ या जर्मन चित्रकार-शिल्पकार बाईबद्दल लिहायचं होतं. तिचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. तिने लगेच स्मारकशिल्पाचा विचार सुरू केला. सुरुवातीच्या कल्पनेत मुलगा स्वतः त्या शिल्पात होता. काम पुढे जाईना, मध्ये काही वर्षं तिने ते सोडून दिलं. शेवटी १९३२ मध्ये ते उभं राहिलं, तेव्हा त्यात मुलगा नव्हता. फक्त गुडघ्यांवर बसलेले आई आणि बाप. दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. आई वाकलेली आहे. बाप ताठ आहे, हात स्वतःभोवती आवळलेले.

१८ वर्षांत तिने काय केलं, तर मुलाला काढून घेतलं आणि दोघांच्या मध्ये जागा सोडली. पांढरी जागा, तुम्ही ताठ बसण्याबद्दल लिहिलंत तेव्हापासून तो बाप माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

एक तांत्रिक प्रश्नही आहे. भिंतीचे सात-आठ थर आणि वर जाड पट्टी, पुढे तडे जात नाहीत का?

पांढरी जागा:

ठसा, दुपारपासून मी त्या दोन चौथऱ्यांचाच विचार करते आहे. आभार कसे मानू कळत नाही.

तड्यांबद्दल: खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले आणि तेल कमी, वर जाताना तेल वाढवत न्यायचं. तेलरंग पाणी उडावं तसा सुकत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्याला वेळ लागतो. जास्त तेलाचा थर खाली गेला आणि वर कमी तेलाचा आला तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो, आणि तडा जातो. मी दोन थरांमध्ये किमान आठवडा थांबते. पहिल्या दोन चित्रांत घाई केली होती, त्यांना तडे गेले. वाट पाहण्याच्या चित्रात वाट न पाहिल्याची ती शिक्षा होती असं मी मानलं.

शिकाऊ रेघ:

पुन्हा आले आहे. दहा दिवस लागले.

वही लिहिली, भावनेचं नाव न लिहिता. भांडणानंतरच्या संध्याकाळी डोळे कुठे होते ते आठवत बसले. फोनवर होते. तो मी पालथा घालून ठेवला होता, म्हणजे स्क्रीन दिसू नये. पण त्याच्यावरून नजर हलत नव्हती. म्हणून पालथा फोन काढायचं ठरवलं. फक्त पेन्सिल, नंतर एक रंग.

मला राग काढायचा होता. खडू फळा यांनी लिहिलं होतं तसं जोरात दाबून काढायला बसले. पण हात दाबतच नव्हता. रेघा अगदी जपून येत होत्या, काही तर दिसेनाशा. तीन चित्रं तशीच झाली आणि मी वैतागले, मला जमतच नाही म्हणून. मग चौथं काढताना लक्षात आलं की मी रागावलेलीच नाही. मला भीती वाटते आहे की ती फोन करणारच नाही. हे मी दोन महिने स्वतःशी बोलले नव्हते, हातानेच आधी सांगितलं. जाडरंग यांचा तो मंद झालेला हात तेव्हा कळला.

चौथ्या चित्रात फोन कागदाच्या अगदी उजव्या कडेला गेला आहे, मी ठरवून नेला नव्हता. डावीकडे सगळा कागद मोकळा. खाली डाव्या कोपऱ्यात पाण्याचा एक डाग पडला आहे, हात ओला होता म्हणून. तो खोडरबराने घासून काढू का? की सगळं नव्याने काढू?

पांढरी जागा:

शिकाऊ रेघ, तुम्ही वर्णन केलंत तसा तो कागद डोळ्यांसमोर आणून पाहिला. डाग राहू द्या. उजवीकडे फोन आणि डावीकडे खाली तो डाग, यामुळे मधली जागा ताणली गेली असणार. खोडरबराने कागदाचा पोत उठेल आणि डोळा आधी तिथेच जाईल.

नव्याने काढायचं तर काढा, पण हे चौथं तसंच ठेवा. आणि दुसरं काढताना फूटपट्टीने मोजून फोन त्याच जागी नेऊ नका. आधी वही घ्या, पुन्हा एकदा त्या संध्याकाळी जाऊन बसा. या वेळी हात कुठे होते ते लिहा.

शिकाऊ रेघ:

हात मांडीखाली होते. आता लिहिताना आठवलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, फोन उचलू नये म्हणून.